बागेतले सूर कुंपणाच्या आतच

बंगल्यापुढचे अंगण असो, शहराबाहेरचे छोटेसे फार्म हाऊस असो किंवा गच्चीवर कुंड्यांतून फुलवलेली बाग असो. सायंकाळी तेथे चहाचा कप घेऊन बसल्यावर मंद स्वरातले गाणे सोबतीला असावे, असे अनेकांना वाटते. त्यासाठी बहुतेक घरांत पहिला प्रयोग होतो तो दिवाणखान्यातला स्पीकर उचलून खिडकीत ठेवण्याचा. खिडकीजवळ बसलेल्याला तो कर्कश वाटतो, बागेच्या दुसऱ्या टोकाला शब्द पोहोचत नाहीत. मग आवाज वाढवला जातो आणि गाणे खऱ्या अर्थाने ऐकू येते ते शेजाऱ्याला. दुसरा प्रयोग याहून गंभीर असतो. स्पीकर बागेत नेला जातो आणि त्याच्यामागून नुकत्याच शिंपलेल्या हिरवळीवरून एक्स्टेंशन बोर्डही येतो. ओली माती, अनवाणी पाय आणि २३० व्होल्टचा वीजप्रवाह यांची ही गाठ जिवावर बेतू शकते.

बागेसाठी ध्वनिव्यवस्था निवडताना म्हणूनच दोन गोष्टी प्रथम ठरवाव्या लागतात. आवाज कुंपणाबाहेर जाणार नाही, ही पहिली. आणि घरातली वीज कुंपणाच्या आतल्या ओल्या मातीपर्यंत पोहोचणार नाही, ही दुसरी. कंपनी, किंमत, रंगरूप हे सारे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

मोकळ्या हवेतला आवाज

खोलीत स्पीकरमधून निघालेला आवाज भिंती, छत आणि जमिनीवर आदळून पुन:पुन्हा कानावर येतो. त्यामुळे थोड्या शक्तीतही खोली भरून गेल्यासारखी वाटते. बागेत हा आधार नसतो. निघालेला आवाज पसरत जातो आणि परत येत नाही. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. एक मीटरवर ८६ डेसिबल असलेला आवाज दोन मीटरवर ८०, चार मीटरवर ७४ आणि आठ मीटरवर ६८ डेसिबल उरतो. दोन माणसे समोरासमोर बसून नेहमीच्या स्वरात बोलतात तेव्हा ती पातळी साधारण ६० डेसिबल असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अंदाज येतो.

खर्जाच्या सुरांची अडचण आणखी वेगळी. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा किंवा बास गिटारचा भरीवपणा खोलीत भिंतींच्या आधाराने वाढतो. बागेत तो विरून जातो आणि गाणे पोकळ वाटू लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी बास वाढवण्याचा मोह होतो. मात्र कुंपणाची भिंत चढ्या पट्टीचे सूर काही प्रमाणात अडवते, तर खर्ज तिला वळसा घालून आणि शेजारच्या घराच्या बंद खिडक्यांतूनही आत शिरतो. शेजाऱ्याला गाण्याचे शब्द कळत नाहीत, फक्त ‘धप्प धप्प’ ऐकू येते आणि तक्रार बहुधा त्याचीच असते. मेंदीची किंवा बोगनवेलीची दाट रांग आवाज अडवील, ही समजूतही फारशी खरी नाही. पानांमुळे स्पीकर नजरेआड होतो, आवाज मात्र त्यांतून सहज पार होतो.

एक मोठा की चार लहान?

समजा, घराच्या भिंतीपासून समोरच्या कुंपणापर्यंत १० मीटर अंतर आहे आणि सर्वांत दूरचा बाक भिंतीपासून ८ मीटरवर आहे. त्या बाकावर ६८ डेसिबलचा सुखद आवाज हवा असेल, तर भिंतीवरच्या एकुलत्या एक स्पीकरला एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज काढावा लागेल. दोन मीटरवरच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांना तो ८० डेसिबलचा, म्हणजे गप्पा अशक्य करणारा वाटेल आणि कुंपणावर पोहोचेपर्यंत तो ६६ डेसिबल उरलेला असेल.

त्याऐवजी बसण्याच्या जागांपासून दोन-दोन मीटरवर चार लहान स्पीकर लावले, तर प्रत्येकाला एक मीटरवर केवळ ७४ डेसिबल आवाज काढावा लागतो. हा फरक १२ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सोळापट आहे. चौघांची मिळून ध्वनिऊर्जा त्या एका मोठ्या स्पीकरच्या अवघी एक चतुर्थांश भरते. शिवाय हे स्पीकर कुंपणाकडे पाठ आणि घराकडे तोंड करून बसवता येतात, त्यामुळे बाहेर जाणारा आवाज आणखी घटतो. बागेत सगळीकडे जवळजवळ सारखी पातळी मिळते आणि कोणालाही ओरडून बोलावे लागत नाही. बागेच्या ध्वनिव्यवस्थेचा पहिला दंडक हाच: स्पीकर संख्येने अधिक, आकाराने लहान, श्रोत्याच्या जवळ आणि आवाजाने मंद.

स्पीकरची मांडणी करताना अंतराचे भान ठेवावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. मोठ्या बागेत १७ मीटर दूर असलेल्या दुसऱ्या स्पीकरचा आवाज जवळच्या स्पीकरनंतर एक विसांश सेकंदाने पोहोचतो आणि शब्द दुहेरी ऐकू येऊ लागतात. तीन ते पाच मीटरवर एक अशी रांग आणि मंद आवाज असेल तर हा दोष जाणवत नाही. बागेत श्रोते इतस्तत: बसलेले असल्याने डावा-उजवा असा स्टिरिओ परिणाम मोजक्यांनाच मिळतो. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून सर्व स्पीकरना मोनो स्वरूपात देणे अधिक शहाणपणाचे ठरते. अन्यथा एका कोपऱ्यात केवळ सतार आणि दुसऱ्या कोपऱ्यात केवळ तबला ऐकू येण्याची शक्यता असते.

कायद्याची रेषा

आवाज कुंपणाच्या आत ठेवणे हा केवळ शेजारधर्म नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सरासरी ध्वनिपातळीची मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ती अनुक्रमे ६५ आणि ५५, तर घोषित शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल आहे. येथे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. खासगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, असेही हे नियम सांगतात. निवासी वस्तीतल्या बंगल्याच्या कुंपणावर दिवसा ही पातळी ६० डेसिबल येते. वरच्या उदाहरणातला एकटा मोठा स्पीकर ६६ डेसिबलवर ही रेषा ओलांडतो. चार लहान स्पीकर ती पाळू शकतात.

रात्री दहानंतर बंदिस्त सभागृहासारख्या जागा वगळता ध्वनिवर्धक वा ध्वनियंत्रणा वाजवण्यास मनाई आहे आणि बाग ही काही बंदिस्त जागा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मधील निकालात या निर्बंधांना बळ दिले. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे; परंतु ती सवलत सरकारने जाहीर केलेल्या दिवसांपुरतीच असते. रात्रभर रंगणाऱ्या उघड्यावरच्या संगीत महोत्सवांनाही या नियमांमुळे आपली वेळापत्रके बदलावी लागली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हे त्याचे परिचित उदाहरण. घरच्या बागेत मुंज, साखरपुडा अशा समारंभासाठी ध्वनिवर्धक लावायचा असल्यास पोलिसांची लेखी परवानगी आधी घेतलेली बरी.

वॉटचे गौडबंगाल

दुकानात गेल्यावर खोक्यावरचे मोठमोठे आकडे डोळ्यांत भरतात. हजारो वॉट ‘पीएमपीओ’ असे छापलेले असले तरी तो आकडा क्षणिक आणि बहुतांशी काल्पनिक असतो. पाहायची ती ‘आरएमएस’, म्हणजे सातत्याने मिळणारी शक्ती. त्याहूनही महत्त्वाची, पण ग्राहक क्वचितच विचारतात अशी गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॉट शक्ती दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो ‘दुप्पट’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ८५ डेसिबलऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेणे हे ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे.

आपल्या उदाहरणातल्या लहान स्पीकरची संवेदनशीलता ८४ डेसिबल धरली, तर ७४ डेसिबलसाठी त्याला सरासरी एक दशांश वॉट पुरतो. संगीतातल्या अचानक उसळणाऱ्या तानांसाठी आणि तालाच्या ठोक्यांसाठी शंभरपट राखीव शक्ती ठेवली, तरी प्रत्येकी १० वॉटच्या पुढे जाण्याचे कारण नाही. चार स्पीकरसाठी ४० ते ६० वॉटचा चांगला ॲम्प्लिफायर पुष्कळ झाला. पाचशे वॉटची यंत्रणा बागेत मिरवता येते, परंतु ती पूर्ण क्षमतेने वाजवण्याची मुभा ना कायदा देतो ना शेजारी.

पाऊस, ऊन आणि खारी हवा

उघड्यावरच्या स्पीकरची पावसापासून आणि धुळीपासून किती राखण होते, ते ‘आयपी’ या दोन अंकी मानांकनावरून कळते. पहिला अंक धुळीविषयी, दुसरा पाण्याविषयी असतो. ‘आयपी ४४’ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ओसरीच्या छपराखाली ते पुरते. ‘आयपी ६५’ म्हणजे धूळ पूर्णपणे रोखणारा आणि पाण्याचा झोत सोसणारा. उघड्या बागेत किमान हे मानांकन असावे. ‘आयपी ६७’ असलेली वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी शिरत नाही. अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल, तर त्या बाबतीत मानांकन दिलेले नाही, असा अर्थ होतो. ‘आयपीएक्स ४’ असे लिहिलेल्या स्पीकरबाबत धुळीची हमी कोणी घेतलेली नसते.

मुंबईत पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याहूनही जास्त. पुण्यात तो तुलनेने बराच कमी असतो. परदेशी माहितीपुस्तिकेतला ‘हवामानरोधक’ हा शब्द आपल्या आषाढाच्या संततधारेला पुरेलच, असे गृहीत धरू नये. शिवाय आयपीचा आकडा ऊन आणि मिठाविषयी काहीच सांगत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात साधे प्लॅस्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते, म्हणून अतिनील किरणांना तोंड देणारे प्लॅस्टिक वापरले आहे का, हे विचारावे. अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत साध्या लोखंडी जाळीला पहिल्याच वर्षी गंज चढतो. तेथे ॲल्युमिनियमची जाळी आणि ‘३१६’ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू योग्य.

स्पीकरच्या आतला पडदा कागदी नसून पॉलिप्रॉपिलीनचा असावा आणि त्याच्या कडेची पट्टी फोमची नसून रबराची असावी. कागद ओल धरतो, फोम काही वर्षांत भुगा होऊन गळतो. पेटीला मागे छिद्र असलेले स्पीकर खर्ज चांगला देतात. पण त्या छिद्रातून मुंग्या, कुंभारीण माशी आणि पाली यांचाही प्रवेश होतो. उघड्या बागेसाठी पूर्ण बंद पेटीचा स्पीकर सुरक्षित. भिंतीवर बसवताना त्याचे तोंड किंचित खाली झुकलेले असावे. पाणी निथळून जाते आणि आवाजही शेजारच्या गॅलरीकडे न जाता जमिनीकडे वळतो.

कोणत्या जागेला कोणता?

घराच्या बाह्य भिंतीला किंवा ओसरीच्या खांबाला लागणारे, ब्रॅकेटवर फिरणारे स्पीकर सर्वांत सोपे आणि स्वस्त. मागच्या भिंतीमुळे त्यांच्या खर्जाला थोडा आधारही मिळतो. अंगण लहान असेल तर असे दोन स्पीकर पुरेसे होतात. फुलांच्या वाफ्यात खुंटीसारखे रोवता येणारे छोटे स्पीकर मध्यम बागेसाठी उत्तम. वरच्या उदाहरणातले चार स्पीकर याच प्रकारचे. दगडासारखे दिसणारे स्पीकर नजरेत खुपत नाहीत, परंतु निवडताना रूपापेक्षा आतल्या स्पीकरची प्रत पाहावी. छत्रीच्या आकाराचे, चारही दिशांना आवाज फेकणारे स्पीकर बागेच्या मधोमध ठीक; कुंपणालगत लावल्यास त्यांचा निम्मा आवाज शेजारी जातो. खर्जासाठी अर्धवट जमिनीत पुरायचे सबवूफरही मिळतात. मोठ्या फार्म हाऊसवर ते शोभतात. भिंतीला भिंत लागून असलेल्या वसाहतीत ते टाळावेत.

ओहमचे गणित

एका ॲम्प्लिफायरला कितीही स्पीकर जोडता येतात, या समजुतीपायी अनेक ॲम्प्लिफायर जळतात. प्रत्येक स्पीकरवर ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा असतो. तो विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, म्हणजेच इम्पिडन्स दाखवतो. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण विरोध चार ओहम होतो. चार स्पीकर जोडले की दोन ओहम. घरगुती ॲम्प्लिफायर बहुधा चार ओहमच्या खाली नेलेला चालत नाही. तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. चार सारखे स्पीकर असल्यास दोन-दोनच्या दोन जोड्या एकसरीत जोडून, त्या दोन जोड्या परस्परांना समांतर जोडल्या की एकूण विरोध पुन्हा आठ ओहम येतो. ही युक्ती सोपी आणि निर्धोक आहे. फक्त एक स्पीकर बिघडला तर त्याचा जोडीदारही गप्प होतो, एवढे लक्षात ठेवावे.

स्पीकर चाराहून अधिक किंवा अंतरे लांब असतील तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत उपयोगी पडते. रेल्वे स्थानके, शाळा आणि मंदिरांतून हीच पद्धत वापरली जाते. अमेरिकेत तिचे रूप ७० व्होल्टचे आहे. ॲम्प्लिफायर आवाजाचा संदेश अधिक व्होल्टेजने पाठवतो आणि प्रत्येक स्पीकरपाशी बसवलेला छोटा ट्रान्स्फॉर्मर तो उतरवून घेतो. ट्रान्स्फॉर्मरवर ५, १०, २० वॉट असे टप्पे असतात. बाकाजवळच्या स्पीकरला १०, झोपाळ्याजवळच्या स्पीकरला ५ अशी वाटणी करता येते. सगळ्या स्पीकरच्या वॉटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवली की झाले. ओहमचे गणित करावे लागत नाही. दोन पथ्ये मात्र पाळावीत. ट्रान्स्फॉर्मर नसलेला साधा स्पीकर या लाइनवर कधीही जोडू नये. आणि १०० व्होल्टचा धक्का बसू शकतो, त्यामुळे तिच्या तारा घरातल्या विजेच्या तारांइतक्याच काळजीने झाकाव्यात.

तार आणि तिचा मार्ग

स्पीकरच्या बारीक तारेत बरीच शक्ती वाया जाते. ३० मीटर अंतरावरच्या आठ ओहमच्या स्पीकरला अर्ध्या स्क्वेअर एमएमची तांब्याची तार वापरली, तर जाऊन-येऊन ६० मीटर तारेचा विरोध सुमारे सव्वादोन ओहम होतो आणि स्पीकरला मिळणारी शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. दीड स्क्वेअर एमएमच्या तारेत ही घट सोळा टक्क्यांवर, तर अडीचच्या तारेत दहा टक्क्यांवर येते. दहा टक्क्यांचा फरक कानाला जाणवत नाही. १०० व्होल्टच्या पद्धतीत, चार स्पीकरची ४० वॉटची लाइन असेल तर तीच अर्ध्या स्क्वेअर एमएमची तार वापरूनही घट दोनेक टक्केच राहते. लांबच्या बागांसाठी ती पद्धत का वापरतात, याचे उत्तर येथेच मिळते. तार स्वस्त मिळत असेल तर ती खरोखर तांब्याची आहे की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, हे टोक खरवडून पाहावे. मुलाम्याच्या तारेचा विरोध सुमारे दीडपट असतो आणि ओलीत ती लवकर खराब होते.

बागेतली तार उघड्यावरून नेऊ नये. गवत कापताना, खुरपणी करताना ती हमखास तुटते आणि उंदीर-घुशी ती कुरतडतात. जाड पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइपातून, वाटेच्या किंवा कुंपणाच्या कडेने चर खणून ती न्यावी आणि तिचा नकाशा कागदावर काढून ठेवावा. पाच वर्षांनी नवीन माळी खड्डा खणतो तेव्हा तो कागद कामी येतो. सांधे जमिनीखाली ठेवू नयेत. जमिनीवरच्या जलरोधक जोडपेटीत ते घ्यावेत. काळी चिकटपट्टी एका पावसाळ्यात सुटते. आत डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी टिकते. पेटीत शिरण्यापूर्वी तारेला खालच्या बाजूने लहानसा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते.

वीज घरातच राहावी

स्पीकरला लागणारी शक्ती देण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग हा की, ॲम्प्लिफायर घरात कोरड्या जागी ठेवावा आणि बागेत केवळ स्पीकरच्या तारा न्याव्यात. आतच ॲम्प्लिफायर असलेले, २३० व्होल्टवर चालणारे स्पीकर दिवाणखान्यात सोयीचे असतात; बागेत त्यांच्यामुळे प्रत्येक झाडाखाली विजेचा पॉइंट न्यावा लागतो. ‘वायरलेस’ या शब्दानेही फसू नये. ब्लूटूथ किंवा वाय-फायमुळे गाण्याची तार वाचते, विजेची वाचत नाही.

बागेत विजेचा पॉइंट घ्यावाच लागला, तर ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. जमिनीखालून आर्मर्ड केबल साधारण पाऊण मीटर खोल जावी, सॉकेट झाकणाचे व जलरोधक असावे आणि जमिनीपासून उंचावर असावे. उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारी आरसीसीबी, या दोन्ही गोष्टी हव्यातच. साधी एमसीबी तारेला वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. गळणारा प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाऊ लागताच ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून आणि पावसाळ्यापूर्वी तर नक्कीच दाबून पाहावे.

स्पीकरमधून सतत घुमणारा ‘हम्’ असा आवाज घालवण्यासाठी काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज जातो, पण त्याबरोबर संरक्षणही जाते. एखाद्या दिवशी आत बिघाड झाला तर ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत वीज उतरते. सर्व उपकरणे एकाच बोर्डवरून चालवणे किंवा आवाजाच्या तारेत विलगीकरण ट्रान्स्फॉर्मर बसवणे, हा त्यावरचा योग्य उपाय. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ॲम्प्लिफायरचा प्लग काढावा. बागेत पसरलेल्या लांब तारा विजेच्या लाटेला घरात वाट देऊ शकतात, म्हणून शक्य असल्यास स्पीकरच्या ताराही सोडवून ठेवाव्यात.

बॅटरी आणि सूर्यप्रकाश

जेथे खणकाम शक्य नाही, तेथे बॅटरीवरची व्यवस्था विचारात घ्यावी. जुन्या पद्धतीचे ॲम्प्लिफायर बरीच वीज उष्णतेत घालवतात. ‘क्लास डी’ प्रकारचे ॲम्प्लिफायर ८० ते ९० टक्के कार्यक्षम असतात आणि १२ व्होल्टवर चालणारे छोटे नमुनेही मिळतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवर क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत २४० वॉट-तास वीज साठते. बॅटरी टिकावी म्हणून तिचा निम्माच वापर केला, तरी सरासरी १० वॉट घेणारी यंत्रणा १२ तास, म्हणजे रोज चार तासांप्रमाणे तीन संध्याकाळी चालते. निरभ्र दिवसांत ४० वॉटचे सौर पॅनेल ही तूट दोन दिवसांत सहज भरून काढते. आषाढ-श्रावणात ढगांमुळे हे उत्पादन बरेच घसरते. पण त्या दिवसांत बागेतली मैफलही थंडावलेलीच असते. १२ व्होल्टमुळे विजेचा धक्का बसण्याची भीती जवळजवळ उरत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ. बॅटरीच्या तारेत मात्र फ्यूज असावा, कारण तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागू शकते.

गच्ची किंवा बाल्कनीतल्या छोट्या बागेला तर हातात मावणारा, बॅटरीवरचा, पाण्याला दाद न देणारा ब्लूटूथ स्पीकर पुरे होतो. तो कठड्यावर न ठेवता खाली, बसणाऱ्याच्या पायाशी ठेवावा. कठड्यावरचा आवाज वरच्या-खालच्या सर्व मजल्यांना वाटला जातो. चार्जिंग घरात करावे आणि स्पीकर दुपारच्या उन्हात विसरू नये. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. सोसायटीच्या सामायिक बागेत स्पीकर बसवायचे असतील, तर सभेत ठराव करून वेळ आणि आवाजाची कमाल पातळी आधीच निश्चित करावी. ॲम्प्लिफायरचे बटण कुलूपबंद कपाटात असले म्हणजे पुढचे वाद टळतात.

पावसाआधी आणि पावसानंतर

मे महिन्याच्या अखेरीस सर्व सांधे, झाकणे आणि स्क्रू तपासावेत. खुंटीचे स्पीकर काढता येत असतील तर ते घरात आणून ठेवावेत. दसऱ्याच्या सुमारास जाळीवरची धूळ आणि मुंग्यांची घरे मऊ ब्रशने साफ करून प्रत्येक स्पीकर स्वतंत्रपणे वाजवून पाहावा. पाण्याचा जोरदार फवारा आयपी मानांकन असलेल्या स्पीकरवरही मारू नये. वर्षे सरतात तशी रबराची सील सैल होतात.

सर्वांत शेवटची चाचणी मात्र बागेबाहेरची. गाणे नेहमीच्या पातळीवर लावून घरातल्या कोणीतरी कुंपणापलीकडे, रस्त्यावर जाऊन उभे राहावे. मोबाइलवरचे आवाज मोजणारे ॲप अंदाजापुरते उपयोगी आहे. नेमके मोजमाप त्याने होत नाही. खरे मोजमाप शेजाऱ्याकडेच मिळते. त्याच्या दारी जाऊन, ‘आमच्या बागेतला आवाज तुम्हाला त्रासदायक होतो का,’ असे एकदा विचारावे. ‘कुठला आवाज?’ असे उत्तर आले, तर खर्च आणि खटाटोप दोन्ही सार्थकी लागले, असे समजण्यास हरकत नाही.